हिवाळ्यात हौदाचे झाकण

पावसाळा सरला की डास गेले, असे आपल्याकडे गृहीत धरले जाते. धुळे-जळगाव परिसरात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा अनेकदा दहा अंशांखाली उतरतो. त्यामुळे या समजुतीला बळच मिळते. परंतु दिवाळीच्या मागेपुढेही डेंग्यूचे रुग्ण येत राहतात आणि पुष्कळदा त्याचे कारण अंगणातील हौदात दडलेले असते. म्हणून थंडीची चाहूल लागताच स्वेटर बाहेर काढावेत, तसेच हौदाच्या झाकणाकडेही एकदा पाहावे, अशी माझी आपणांस विनंती आहे.

खानदेशात हौद ही चैन नव्हे. नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि पुढच्या पाळीपर्यंत ते पुरवावे लागते. डेंग्यूच्या डासाला नेमके हेच हवे असते. एडिस जातीची ही मादी गटारापेक्षा साठवलेल्या स्वच्छ पाण्याजवळ, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भिंतीला चिकटवून अंडी घालते. उबदार हवेत अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. थंडीत हा काळ लांबतो इतकेच. कोरडी पडलेली अंडी कित्येक महिने तग धरतात आणि पाणी चढताच फुटतात. त्यामुळे नुसते पाणी उपसून भागत नाही. भिंती काथ्याने किंवा ताठ ब्रशने घासून वाळू द्याव्या लागतात. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, हा सल्ला उत्तमच आहे. पण उद्या नळ येईल की नाही याची खात्री नसलेल्या गृहिणीने भरलेला हौद रिकामा करावा कसा? अशा घरात खरा आधार झाकणाचाच.

झाकण निवडताना बहुतेक जण फक्त कचरा आणि डास यांचा विचार करतात. घरात नातवंडे असतील तर तो अपुरा आहे. रांगते किंवा नुकतेच चालू लागलेले मूल अगदी थोड्या पाण्यातही बुडू शकते आणि बुडताना बहुधा आवाजही होत नाही. हौदावर ताडपत्री किंवा शेडनेट टाकून चार कोपऱ्यांवर विटा ठेवण्याची पद्धत मला सर्वांत धोक्याची वाटते. उघडे पाणी दिसले तर माणूस सावध तरी होतो; ताडपत्रीवर मूल निर्धास्त पाय ठेवते, ती खचते आणि त्याच्याभोवती गुंडाळली जाते. शिवाय तिच्या खोलगट भागात पाणी साचून डासांना आणखी एक घर मिळते ते वेगळेच. अलीकडे काही शेतघरांवर पोहण्याचे तलाव झाले आहेत. थंडीत ते वापराविना पडून राहतात, पाणी हिरवे होते. तेथेही पाण्यावर तरंगणारा कागद पसरू नये. चहूबाजूंनी घट्ट ताणून पक्के बांधलेले, माणसाचा भार पेलणारे आच्छादनच घ्यावे. ते शक्य नसेल तर तलाव रिकामा करावा आणि रिकाम्या खड्ड्याभोवतीही कुंपण ठेवावे.

मग जड फरशी बरी का? मूल पडणार नाही, हे खरे. परंतु दोन फूट लांब-रुंद आणि एक इंच जाडीच्या शहाबादी फरशीचे वजन चोवीस-पंचवीस किलोच्या घरात जाते. पहाटेच्या गारठ्यात, आखडलेल्या कमरेने, ओल्या सिमेंटवर वाकून ती सरकवायची कोणी? बहुधा आजीनेच. हाडे ठिसूळ झालेल्या वयात अशा ओढाताणीने मणका दबतो, घसरून खुब्याचे हाड मोडते, बोटे चेंगरतात. आणि जे झाकण उचलवत नाही, ते दोन दिवसांत कायमचे अर्धे उघडे राहते. डासाला तेवढी फट भरपूर होते.

माझ्या मते हौदाचे मोठे तोंड स्लॅब घालून किंवा जाड पत्र्याने कायमचे बंद करावे आणि त्यात माणूस उतरेल एवढेच दार ठेवावे. दाराला बिजागरी, धरायला मूठ, कडेने रबरी पट्टी आणि मुलाच्या हाताला न उघडणारी कडी असावी. रोजचे पाणी मोटरने किंवा नळाच्या तोटीतून घ्यावे. बादली बुडवण्यासाठी दार उघडण्याची वेळच येऊ नये. मोटर चालू असताना पाण्यात हात घालू नये. जादा पाणी जाण्याच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी. सगळे झाकून हेच एक भोक उघडे राहिलेले मी पुष्कळ घरांत पाहिले आहे. पिंप आणि रांजण यांना कोरडे सुती कापड ताणून बांधले तरी चालते. ते पाण्यात लोंबकळू देऊ नये.

बंद हौद स्वच्छ करायला ज्येष्ठांनी एकट्याने कधीही उतरू नये. दीर्घकाळ बंद राहिलेल्या हौदात प्राणवायू कमी असू शकतो, आणि आत कोसळलेल्याला वाचवायला धावलेला दुसराही तेथेच पडतो.

थंडीतला ताप म्हणजे सर्दीच, असे मानू नका. तापासोबत अंग फार दुखत असेल, डोळ्यांमागे ठणका असेल, तर डॉक्टरांना दाखवून रक्त तपासून घ्या. तोवर पॅरासिटामॉलखेरीज वेदनाशामक गोळी मनाने घेऊ नका. हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास तेही सांगा. ती आपल्या मनाने बंदही करू नका. पोटात तीव्र दुखणे, वारंवार उलटी, हिरड्यांतून रक्त, किंवा ताप उतरल्यावर एकदम गळून जाणे, अशी लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे.

आणि दुर्दैवाने मूल पाण्यात सापडले, तर त्याला उलटे टांगून गरगर फिरवू नका, पोटही दाबू नका; त्यात मोलाचा वेळ जातो. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्यायला लागा, छाती दाबा आणि दुसऱ्या कोणाला तरी १०८ वर फोन करायला सांगा.

झाकण वेल्डरकडून करून घेणार असाल, तर रंग देण्यापूर्वी ते घरातील सर्वांत अशक्त ज्येष्ठाकडून एकदा उघडून पाहा. एका हाताने, फार न वाकता जमले नाही, तर ते पुन्हा वेल्डरकडेच जाऊ द्या.