पदार्थविज्ञान शिकून काय मिळते?

शाळेत पदार्थविज्ञान हा विज्ञान विषयाचा एक भाग असतो. बारावीनंतर मात्र कोणी त्यालाच वाहून घ्यायचे ठरवले, की घरीदारी एकच प्रश्न विचारला जातो : "बी.एस्सी. फिजिक्स करून पुढे काय?" प्रश्न रास्त आहे. इंजिनियर पूल बांधतो, डॉक्टर रोग्याला बरे करतो. मग विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकलेला विद्यार्थी नेमके काय करायला शिकतो? चला, एका साध्या लंबकापासून सुरुवात करू.

उत्तरावर विश्वास किती?

एक मीटर लांबीचा दोरा घ्या. त्याच्या टोकाला धातूचा गोळा बांधा आणि हलकेच झोका द्या. एकदा जाऊन परत यायला त्याला सुमारे २ सेकंद लागतात. लांबी आणि हा काळ ठाऊक असला, की गुरुत्वीय त्वरण काढता येते. शाळेत आपण इथेच थांबतो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पुढचा प्रश्न येतो : तुमच्या या उत्तरावर विश्वास किती ठेवायचा?

घड्याळाची कळ दाबताना हाताकडून ०.२ सेकंदाची चूक होते असे धरू. एकच दोलन मोजले, तर २ सेकंदांत ०.२ म्हणजे शेकडा १० चूक झाली. सूत्रात दोलनकाळाचा वर्ग येतो, म्हणून त्वरणातली चूक जवळजवळ शेकडा २० होते! आता लागोपाठ २० दोलने मोजा. वेळ ४० सेकंद, पण हाताची चूक तेवढीच. ती आता शेकडा अर्धाच भरते आणि त्वरणात शेकडा १. नवे उपकरण आणले नाही, पैसा लागला नाही. थोडा विचार केला आणि उत्तर वीसपट भरवशाचे झाले. मग १०० दोलने मोजावीत का? जरूर मोजावीत, पण आता दोऱ्याची लांबी मोजताना झालेली मिलिमीटरभर चूकही डोके वर काढील. कोणती चूक मोठी, कोणती किरकोळ, हे ओळखणे हाच या शिक्षणाचा पहिला धडा.

अडीच मिनिटांची गोष्ट

सन १६७२ मध्ये झाँ रिशे हा फ्रेंच ज्योतिर्विद दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळच्या कायेन येथे गेला होता. पॅरिसमध्ये अचूक चालणारे लंबकाचे घड्याळ तेथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडते, असे त्याला आढळले. म्हणजे ६०० भागांत जेमतेम एका भागाचा फरक! उष्णतेने लंबकाचा दांडा लांबतो हे खरे. पण तेवढ्याने हिशेब जुळत नव्हता. पृथ्वी फिरते आणि विषुववृत्तापाशी ती किंचित फुगीर आहे, म्हणून तेथे गुरुत्व कमी भरते, असा उलगडा न्यूटनने १६८७ च्या आपल्या ग्रंथात केला.

मित्रांनो, येथे एक कानगोष्ट सांगायला हवी. उत्तर ९.८ यायला हवे म्हणून जर्नलमधली रीडिंगे मागून जुळवून घेण्याचा मोह पुष्कळांना होतो. रिशेने आपले आकडे पॅरिसशी असेच जुळवून टाकले असते, तर? आपले रीडिंग जसे आले तसे लिहिणे आणि न जुळणाऱ्या आकड्यामागे लागणे, हा दुसरा धडा.

एक समीकरण, अनेक वस्तू

तिसरा धडा वर्गात मिळतो. लंबकाच्या लहान आंदोलनांचे समीकरण एकदा सोडवले, की स्प्रिंगला टांगलेल्या वजनाचेही तेच निघते. रेडिओत स्टेशन लावताना वेटोळे आणि कंडेन्सर यांच्या मंडलात वीज मागेपुढे झोके घेते, तिचेही तेच. रेणूंतल्या अणूंची थरथरसुद्धा जवळपास तशीच. वस्तू वेगळ्या, पण सांगाडा एक. तो ओळखायची सवय लागली, की अनोळखी प्रश्नाची भीती कमी होते.

म्हणूनच या विषयाचे विद्यार्थी दूरदूरच्या प्रांतांत शिरलेले दिसतात. वेंकटरामन रामकृष्णन हे १९७१ साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून पदार्थविज्ञानाचे पदवीधर झाले. पुढे अमेरिकेत त्याच विषयात डॉक्टरेट मिळवून ते जीवशास्त्राकडे वळले. पेशीत प्रथिने तयार करणाऱ्या रायबोसोमची रचना उलगडण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा आहे. त्याबद्दल २००९ साली त्यांना रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. रोझलिन यॅलो याही मूळच्या पदार्थविज्ञानाच्या. रक्तातील इन्शुलिनसारखे अत्यल्प पदार्थ मोजण्याच्या पद्धतीसाठी त्यांना १९७७ साली वैद्यकाचे नोबेल मिळाले.

सारेच काही नोबेलच्या वाटेने जात नाहीत. कर्करोगाच्या रुग्णाला किरणांची मात्रा किती द्यायची, याचा हिशेब रुग्णालयातला भौतिकतज्ज्ञ करतो. पुण्याजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातले रेडिओ-संदेश टिपतात. तेथेही हेच शिक्षण उपयोगी पडते. हवामानखाते, संगणक, शाळा-महाविद्यालये यांतही अशी माणसे लागतात.

पण नीट विचार करा

नुसत्या पदवीने नोकरी दारात येत नाही. संशोधन करायचे तर एम.एस्सी. आणि पुढे डॉक्टरेट, अशी दहा-एक वर्षांची वाट चालावी लागते. गणिताशी मैत्री हवीच. व्याख्या पाठ करून जो पेपर सोडवील, त्याच्या हाती प्रमाणपत्र येईल, पण वर सांगितलेले धडे येणार नाहीत. हे शिक्षण म्हणजे एक सवय आहे : मोजा, शंका घ्या, पुन्हा मोजा.

ती सवय तुम्हांला मानवेल का? आजच पाहा. लंबकाची लांबी एक मीटरवरून २५ सेंटिमीटर केली, तर दोलनकाळ किती होईल? आधी अंदाज कागदावर लिहा, मग २० दोलने मोजा. अंदाज चुकला आणि "असे का?" या प्रश्नाने जेवतानाही पाठ सोडली नाही, तर "पुढे काय?" याचे निम्मे उत्तर तुम्हांला मिळाले असे समजा!