टेन्शनवर फोनवरून मदत: १४४१६ लावल्यावर काय होते?



वस्तीत बीपी तपासायला बसलो की आम्हाला एक गोष्ट हमखास दिसते. बीपी बरोबर, साखर बरोबर, तरी समोरची ताई उठत नाही. मागच्या बायका पांगल्या की हळूच म्हणते, "सिस्टर, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. छातीत नुसती धडधड होते." दवाखान्यात गेली तर सलाइन लावतात, ताकदीच्या गोळ्या देतात. दुखणे मनाचे आणि इलाज अंगाचा. पैसे मात्र जातातच.

अशा दुखण्यावर आता फोनवरून बोलून मदत मिळते. शहरातली मुले याला ऑनलाइन थेरपी म्हणतात. आपल्या घरांसाठी त्यातला फुकट मार्ग म्हणजे सरकारची टेलिमानस सेवा. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ती सुरू झाली आणि बंगळुरूची निम्हान्स ही संस्था देशभरातले तिचे काम सांभाळते. नंबर १४४१६. दिवसरात्र चालू असतो, पैसे कटत नाहीत. मोठा फोन लागत नाही, नेट लागत नाही, बटणाचा साधा फोन चालतो.

आपल्या किनाऱ्याला याची गरज जास्त आहे असे आम्ही म्हणतो, त्याला कारण आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले. श्रीवर्धन, मुरूड, अलिबागकडच्या नारळी-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. वाडीमालकाला पंचनामा मिळाला, पण त्या वाडीत मजुरी करणाऱ्याच्या नावावर झाडच नव्हते, तर त्याचा पंचनामा कोण करणार? सुपारी पुन्हा धरायला वर्षे लागतात, तोवर मजुरी नाही. मग कोणी मुंबईला गेला, कोणी तळोज्याच्या कंपनीत कंत्राटावर लागला. बाई गावी, नवरा तिकडे, मध्ये कर्ज. घरातली धुसफूस बऱ्याचदा इथून सुरू होते. आणि मानसोपचाराचा डॉक्टर गाठायचा तर अलिबाग. श्रीवर्धन-म्हसळ्याहून एसटीने जायचे म्हणजे दिवस मोडला, रोज बुडाला.

फोन लावला की आधी मशीन बोलते, भाषा निवडायला सांगते. मराठी निवडायची. मग समुपदेशक येतो किंवा येते. समुपदेशक म्हणजे ऐकून घेऊन मार्ग काढायला मदत करणारा, त्याचे शिक्षण घेतलेला माणूस. तो औषध देत नाही. झोप कशी आहे, जेवण जाते का, कधीपासून असे होते, जीव द्यावासा वाटतो का, असे विचारतो. शेवटच्या प्रश्नाला घाबरू नका. विचारल्याने कोणाच्या डोक्यात तसले विचार शिरत नाहीत, उलट असतील तर बाहेर येतात. त्रास जास्त वाटला तर तो पुढे मानसोपचार डॉक्टरशी जोडून देतो किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयात जायला सांगतो. एका फोनने सगळे सुटत नाही. दोन-चार वेळा बोलावे लागते. पहिल्या माणसाशी जुळले नाही तर पुन्हा लावावा, दुसरा कोणी उचलेल.

"त्यांना आमची जात कळेल का?" हा प्रश्न आम्हाला कुजबुजत विचारला जातो आणि तो खुळा नाही. दवाखान्यात आडनाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. फोनवर आडनाव सांगायची गरज नाही, नाव सांगायचे नसेल तरी बोलता येते. शिवाय मानसिक आरोग्य कायदा २०१७ च्या कलम १८ मध्ये जातीवरून भेदभाव न होता उपचार मिळण्याचा हक्क स्पष्ट लिहिला आहे, तर कलम २३ मध्ये माहिती गुप्त ठेवण्याचा. आणि हे मुद्दाम सांगतो: कामावर, कॉलेजात, भाड्याची खोली शोधताना जातीवरून जो अपमान होतो, त्याने झोप उडत असेल तर तेही फोनवर सांगायचे. तो आपल्या मनाचा कमकुवतपणा नाही. समुपदेशकाला ते कळले नाही, "जाऊ द्या हो" म्हणाला, तर त्याला सांगा की कळले नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. घर एका खोलीचे, भिंत पत्र्याची, फोन एकच आणि तो नवऱ्याकडे नाहीतर पोराकडे. बोलायचे कुठे? अंगणवाडी सुटल्यावरचा वेळ, धुणे धुवायला जायची वाट, मैत्रिणीचे घर, जिथे शेजारचा कान नाही अशी जागा आधी ठरवून मगच फोन लावावा. घरात वाद होण्याची भीती असेल तर बोलून झाल्यावर नंबर फोनच्या यादीतून काढून टाकावा. महिला मंडळांना आमची विनंती आहे, विहाराला लागून असलेली खोली दुपारी तासभर उघडी ठेवा आणि कोण कशाला आली ते विचारू नका. मंडळाने एक साधा फोन घेऊन ठेवला तर फारच चांगले.

नवराबायकोच्या भांडणाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. संशय, दारू, सासरचे बोलणे, पोराने जातीबाहेर लग्न केले म्हणून घरात धरलेला अबोला, यावर बोलून वाट निघू शकते. दोघांनी आधी वेगवेगळे बोलावे, मग पटले तर एकत्र. पण जिथे हात उचलला जातो तिथे दोघांना एका फोनवर बसवू नये. मारणारा शेजारी असताना बाई खरे कसे बोलेल? आणि बोललीच तर फोन ठेवल्यावर तिचे काय? तिथे समेटाआधी संरक्षण लागते. महिला हेल्पलाइन १८१, पोलीस ११२. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. घर नवऱ्याच्या नावावर असले तरी राहत्या घरात राहण्याचा हक्क हा कायदा बाईला देतो. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या आवारात बसून समाजकार्यकर्त्या बाईचे ऐकतात, हे काम पुढे राज्यात पसरले. पोलीस ठाण्यात या कक्षाची चौकशी करा.

पैसे घेऊन थेरपी देणारी ॲप बरीच निघाली आहेत. सगळी वाईट नाहीत, पण पैसे भरण्याआधी समोरचा कोण आहे ते विचारा. मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएस करून पुढे शिकलेला डॉक्टर, औषध तोच लिहितो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी असते, तिचा नंबर मागावा. नंबर सांगायला का-कू करतो त्याला पैसे देऊ नयेत. मशीनच उत्तर देणारीही ॲप आहेत. जीव द्यावासा वाटत असताना मशीनशी बोलत बसू नका, माणसाला गाठा.

काही जण म्हणतात, आम्ही विपश्यनेला बसतो, हे कशाला? अवश्य बसा. पण कानात आवाज येत असतील, आठ-आठ दिवस झोप नसेल, तर आधी डॉक्टर. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतूनही रात्री गुपचूप भगताकडे नेतात, हे आम्हाला ठाऊक आहे. तिथे गेलेले महिने उपचारातून वजा होतात, म्हणून सांगतो.

घरात कोणी जीव देण्याचा प्रयत्न केला तर पोलीस केस होईल या भीतीने लपवू नका. २०१७ च्याच कायद्याचे कलम ११५ म्हणते की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरायचे आणि सरकारने त्याला उपचार द्यायचे. आधी रुग्णालयात न्या. तोवर घरातले विषारी औषध, दोरी, गोळ्या दूर ठेवा आणि त्याला एकटे सोडू नका.

अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जायची वेळ आली तर सरकारी दवाखान्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. सकाळची पहिली एसटी धरा, आधार कार्ड घ्या आणि आतापर्यंत खाल्लेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे पिशवीत टाका. सोबत असा माणूस न्या, जो तपासणीच्या वेळी बाहेर थांबायला तयार असेल.