आमचा डोंगर असा नाही!

"सर, हा डोंगर खोटा आहे."

मराठीच्या तासाला इंग्रजी पुस्तक, आणि तेही चित्रांचे! वर्गातून ते हातोहात फिरत होते. प्राचार्यांच्या दृष्टीस पडते तर मला खुलासाच द्यावा लागला असता. आमचे महाविद्यालय नंदुरबार जिल्ह्यातले. वर्गातली निम्मी मुले अक्राणी-अक्कलकुव्याकडची. घरी पावरी नाहीतर भिली बोलायची आणि परीक्षेत मराठी लिहायची, अशी त्यांची कसरत. त्यांना चार पाने हौसेने चाळावीशी वाटतील असे काहीतरी द्यावे म्हणून मी ओरिजित सेन यांचे 'रिव्हर ऑफ स्टोरीज' वर्गात नेले होते. शेवटच्या बाकावरची एक मुलगी, जी हजेरीखेरीज कधी तोंड उघडत नसे, ती एका पानावर बोट ठेवून वरील वाक्य बोलली.

तिचे कुटुंब मूळचे नर्मदाकाठचे. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावे सापडली, त्यांपैकी एका गावातले. तळोदा तालुक्यात जंगलाची जमीन मोकळी करून ज्या वसाहती उठवल्या, त्यांतल्या एकीत तिचा जन्म झाला. म्हणजे तो डोंगर तिने स्वतः पाहिलेलाच नव्हता!

"मग खोटा कशावरून?" मी विचारले.

"आजी सांगते तसा नाही."

मी मास्तरी पेशाला शोभेलसे प्रवचन दिले. या पुस्तकातला प्रदेश काल्पनिक आहे, धरणाचे नावसुद्धा 'रेवासागर' असे ठेवले आहे, चित्रकार म्हणजे काही तलाठी नव्हे, वगैरे. तिने सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, "तरी आजीला विचारायला पाहिजे होतं."

आता खरे सांगायचे तर या चित्रकाराने पुष्कळांना विचारले होते. म्हणूनच मुलीचे ते वाक्य माझ्या मनातून जाईना.

ओरिजित सेन यांचा जन्म १९६३ चा, शिक्षण अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतले. तिथे शिकलेल्या माणसाला कंपन्यांची दारे उघडी असतात. यांनी १९९० साली पत्नी गुरप्रीत सिद्धू यांच्यासह दिल्लीत कॅनॉट प्लेसला 'पीपल ट्री' नावाचे दुकान थाटले. स्वतः काढलेल्या चित्रांचे सदरे, भित्तिपत्रके, कारागिरांच्या वस्तू, पुस्तके असा सगळा संसार त्या दुकानात होता. फुटकळ कामे करून पोट भरणाऱ्या चित्रकाराला आंदोलनासाठी चित्रे काढायची तर चूल पेटती ठेवण्याची काही तजवीज लागतेच. आपल्याकडे दिवाळी अंकांनी दलाल-मुळगावकरांना घराघरांत पोचवले हे खरे, पण अंकातल्या कथेचे मानधन उशिरा येते आणि चित्राचे त्याहून उशिरा, हे कुणाही चित्रकाराला खासगीत विचारून पाहावे. असो.

त्या काळी नर्मदेचे प्रकरण ऐन भरात होते. धरणाची कोनशिला पंडित नेहरूंच्या हस्ते १९६१ मध्ये बसली होती, १९८५ मध्ये जागतिक बँकेचे कर्ज मंजूर झाले, आणि लोकांच्या विरोधापुढे १९९३ मध्ये ते अर्ध्यावर थांबले. अक्कलकुवा तालुक्यातले मणिबेली हे नाव त्याच दिवसांत वर्तमानपत्रांतून सर्वतोमुखी झाले. सेन खोऱ्यात गेले, हिंडले, लोकांची गाणी ऐकली आणि घरी येऊन त्यांनी काळ्या शाईत एक लांबलचक गोष्ट काढली. 'कल्पवृक्ष' या पर्यावरणवादी संस्थेने ती १९९४ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्यासाठी साहाय्य मिळाले ते केंद्र सरकारच्याच पर्यावरण खात्याचे! भारतातली पहिली चित्रकादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो. पुढे ती दुर्मीळ झाली आणि २०२२ साली चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनाने पुन्हा काढली.

गोष्ट दुपदरी आहे. एका पदरात विष्णू नावाचा दिल्लीचा तरुण पत्रकार धरणाची बातमी शोधत निघतो. दुसऱ्या पदरात मलगू गायन नावाचा गायक आहे. तो गातो आणि त्या गाण्यातून रेवा नदी वाहू लागते. नर्मदाकाठचे भिलाला लोक सृष्टीच्या जन्माची जी कथा रात्ररात्र गातात, तिचा धागा चित्रकाराने उचलला आहे. बातमीची पाने चौकटीचौकटींत नीट बसवलेली आणि गाण्याची पाने मात्र चौकटी मोडून सांडत जाणारी. विष्णूची पाने मी भराभर उलटली. गाण्याच्या पानांवर मात्र हात थबकत राहिला.

एक गोष्ट मात्र खटकते, ती सांगून टाकतो. ज्यांची ही कथा, त्यांच्या हाती ती इंग्रजीत काय उपयोगाची? चित्रांनी ही उणीव पुष्कळशी भरून काढली आहे. त्या मुलीने एक अक्षर न वाचता डोंगराची चूक काढली ती चित्र होते म्हणूनच. शंभर पानी अहवाल तिच्या आजीपुढे ठेवला असता तर म्हातारीने त्याला हात जोडले असते. छापील शब्दापुढे निरक्षर माणूस दबतो. चित्रापुढे तो दबत नाही. "बैलाचं शिंग असं नसतं," असे तो बेलाशक सुनावतो. समाजात वावरणाऱ्या चित्रकाराचे काम हे सुनावणे ऐकून घेण्याचे आहे, असे मला वाटू लागले आहे. रेषा उत्तम असणे ही त्यानंतरची बाब.

सेन यांची पुढची कामे पाहिली तर ते हेच शिकत गेलेले दिसतात. आनंदपूर साहिबला मोशे सफदी या वास्तुशिल्पज्ञाने बांधलेले 'विरासत-ए-खालसा' हे संग्रहालय २०११ साली उघडले. त्यातील एका गोलाकार दालनाच्या भिंती सेन आणि त्यांच्या साथीदारांनी पंजाबच्या जनजीवनाने भरून टाकल्या आहेत. चित्राची उंची पंचाहत्तर फूट! पण माझ्या मते त्याहून मोलाचे काम त्यांनी गोव्यात केले. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा २०११ मध्ये वारले. गोवा विद्यापीठात त्यांच्या नावाचे अध्यासन आहे. त्यावर अभ्यागत प्राध्यापक म्हणून आलेल्या सेन यांनी वर्गात पाठ देण्याऐवजी विद्यार्थ्यांना म्हापशाच्या बाजारात नेऊन बसवले.

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार ज्याने पाहिला नाही त्याला काय सांगावे! मयड्याची केळी, मातीची भांडी, मिरच्यांचे ढीग, माळेसारखी लोंबणारी गोवन सॉसेजे, पावसाळ्याआधी पुरुमेंताच्या खरेदीची झुंबड. (म्हापसा हे नाव 'माप' या शब्दावरून आले असे सांगतात. खरेखोटे व्युत्पत्तिकार जाणोत, पण बाजाराला शोभते खरे.) या बाजाराचा नकाशा करायचा, तोही नुसत्या रस्त्यांचा नव्हे. कोणती बाई कोणत्या गावाहून येते, तिथेच का बसते, काय विकते, काय बोलते, हे सारे चित्रांतून मांडायचे. विद्यार्थी कागद घेऊन विक्रेत्यांपुढे बसले. बाजारात बसून चित्र काढायचे म्हणजे परीक्षक चहूबाजूंनी! विकणारी तिथेच, गिऱ्हाईक तिथेच. टोपली चुकली तर सांगायला उद्यापर्यंत थांबावे लागत नाही.

यापुढचे पाऊल शरद शर्मा यांनी टाकले. हेही मूळचे वर्तमानपत्री व्यंगचित्रकार. फिनलंडच्या लाइफ पाकालेन यांच्या साथीने त्यांनी 'वर्ल्ड कॉमिक्स इंडिया'चे काम वाढवले, आणि २००७ साली दोघांनी मिळून त्याची एक मार्गदर्शिकाही लिहिली. पद्धत इतकी साधी की शाळामास्तरालाही जमावी. साधे टंकलेखनाच्या आकाराचे दोन कागद एकमेकांना चिकटवायचे. त्यावर चार चौकटी आखायच्या. गावातली एक अडचण घ्यायची, समजा, हातपंप किंवा मुलीची सुटलेली शाळा. ती गोष्ट चार चौकटींत बसवायची. पहिलीत माणसे आणि जागा, मधल्या दोहोंत पेच, चौथीत शेवट. आधी शिसपेन्सिल, मग शाई. अक्षरे ठसठशीत, लांबून वाचता येतील अशी. मग छायाप्रती काढून चहाच्या टपरीवर, एस्टीच्या थांब्यावर, पंचायतीच्या भिंतीवर चिकटवायच्या. खर्च म्हणाल तर झेरॉक्सचा.

खुबी आहे ती इथे, की चित्र शर्मांनी काढायचे नाही. ज्याची अडचण त्यानेच काढायचे. माणसे काड्यांसारखी आली तरी हरकत नाही. मला हे प्रथम पटले नव्हते. चित्रकलेचा काही दर्जा राहायला नको का, असे वाटले. आपल्याकडे पिंगुळीचे चित्रकथी पोथीतले एकेक चित्र पुढे करून रात्र रात्र आख्यान लावत, त्यांची ती परंपरेने घोटलेली रेषा कुठे आणि ही काडीमाणसे कुठे! पण कागद भिंतीवर लागल्यावर त्याच्यापुढे जी माणसे थांबतात, ती रेषा पाहायला थांबत नाहीत. हा आपल्या सोम्याने काढला, आणि त्यातला तलाठी ओळखीचा दिसतो, म्हणून थांबतात. कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवतो. वाद होतो. चित्र टाकाऊ असले तरी वाद टाकाऊ नसतो, हे मला मान्य करावे लागले.

दिवाळीच्या सुट्टीत मी दोन कागद, खळ आणि पेन्सिली घेऊन त्या मुलीच्या वसाहतीत गेलो. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २००० सालचा, धरण १३८.६८ मीटरपर्यंत चढून त्याचे लोकार्पण झाले ते २०१७ साली. तेव्हा म्हातारीच्या डोंगराचा पायथा आता कुणाच्याही दृष्टीस पडायचा नाही. वसाहतीतली घरे ओळीने, आगगाडीच्या डब्यांसारखी. ओट्यावर आजी बसली होती. नातीने पेन्सिल धरली.

पहिल्या चौकटीत तिने तीन घरे शेजारीशेजारी काढली. आजीने पावरीत काहीतरी झटकून टाकले.

"काय म्हणतात?"

"म्हणते, घराला घर चिकटवून कोण बांधतं? मधे शेत असतं."

घरे खोडली. एक उतारावर वर गेले, एक पार कडेला. मधे शेत आले, मोहाचे झाड आले. झाड आजीने तीनदा हलवायला लावले. मला हसू येत होते, पण दोघींच्या चेहऱ्यावर हसू नव्हते. मग डोंगराच्या पायथ्याशी नातीने नदीची रेघ ओढली. आजीने मान हलवली आणि बोट कागदाच्या कडेकडे नेले.

"नदी अजून खाली म्हणते."

नातीने ती खोडून कागदाच्या अगदी काठाला काढली. आजीचे बोट काठ सोडून ओट्याच्या फरशीवर गेले. अजून खाली.

मुलीने माझ्याकडे पाहिले. मी पिशवीतून दुसरा कागद काढला, आणि ती त्याच्या कडेला खळ लावू लागली.