हिवाळी बागेतले आपले सोबती

दिवाळी आटोपली की छत्रपती संभाजीनगरच्या रोपवाटिकांत गर्दी वाढते. पिटुनिया, फ्लॉक्स, डेलिया, शेवंती अशा रोपांनी गच्च्या आणि अंगणे भरतात. पिटुनिया मूळची दक्षिण अमेरिकेतली, डेलिया मेक्सिकोतली. त्यांचे रंग लोभस आहेत, पण त्यांना रोज पाणी लागते आणि आपल्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते. म्हणून बागप्रेमींनी यंदा शहराभोवतीच्या डोंगरउतारांकडेही पाहावे. तिथे कोणी पाणी न घालता कोरांटी आणि तरवड फुललेले असतात.

फुलण्याची वेळ कशी कळते?

शेवंती रात्रीची लांबी मोजते. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरमध्ये अकरा तासांवर येतो. रात्र पुरेशी लांबली की शेवंतीला कळ्या धरतात. दिवस-रात्रीच्या लांबीनुसार फुलण्याचा वनस्पतींचा हा गुण गार्नर आणि अलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० साली मांडला. म्हणूनच रस्त्यावरच्या दिव्याखाली ठेवलेली शेवंती नुसती पानांनीच वाढत राहते. रात्री अंधार राहील अशा कोपऱ्यात कुंडी हलवली की फरक पडतो.

इथल्या रानाचे वेळापत्रक मुख्यतः पावसावर बेतलेले आहे. वर्षाचा सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस बहुतांश जून ते सप्टेंबरमध्ये पडतो आणि पुढचे आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. काटेसावर, पळस यांसारखी झाडे या काळात पाने गाळून बाष्पोत्सर्जन खूप कमी करतात आणि वाचलेल्या पाण्यावर फुलतात. उघड्या फांद्यांवरची लाल-केशरी फुले पक्ष्यांना दुरून दिसतात. मध्य आशियाकडून हिवाळ्यात येणाऱ्या पळसमैना काटेसावरीच्या मधासाठी झुंडीने उतरतात.

तरवडाचा परागवाहक

तरवडाचे पिवळे फूल जवळून पाहा. त्याच्या परागकोशांना फक्त टोकाशी बारीक छिद्रे असतात, मीठदाणीसारखी. मोठा काळा भुंगा फुलाला बिलगतो, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो आणि त्या कंपनाने पराग बाहेर उडतात. त्या क्षणी भुंग्याचा गुंजारव एकदम चढ्या सुरात जातो. कानाने टिपता येईल असा हा परागीभवनाचा प्रयोग आहे. आखूड पुंकेसरांतले पराग भुंग्याच्या खाण्यासाठी असतात, तर लांब पुंकेसरांतले त्याच्या अंगाला चिकटून पुढच्या फुलाकडे जातात.

कोरांटीचे काम वेगळे. तिच्या पानांवर लेमन पॅन्सी फुलपाखराच्या अळ्या वाढतात. बोंड पक्व झाले की तडकते आणि आतल्या आकड्यांच्या रेट्याने बी दूर फेकले जाते. कुंपणाला कोरांटी लावली की काट्यांमुळे जनावरे दूर राहतात आणि हिवाळाभर फुले मिळतात.

आता काय करावे?

देशी रोपे जमिनीत लावण्याचा हा हंगाम नव्हे, ते काम जूनचे. हिवाळा बी गोळा करण्याचा आहे. कोरांटीची बोंडे तडकण्याआधी पातळ कापडी पिशवीने बांधावीत. बहाव्याच्या काळ्या शेंगा फोडून बी काढावे, पेरण्याआधी कवच पॉलिश पेपरने घासावे आणि बी रात्रभर पाण्यात भिजवावे. कवच टणक असल्याने त्याशिवाय पाणी आत शिरत नाही. गळलेली पाने जाळू नयेत. झाडाबुडी पसरली तर ओल टिकते.

कोणती झाडे आपली, हे ठरवायला वनस्पतिशास्त्रज्ञ व्ही. एन. नाईक यांचा ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ हा १९९८ चा ग्रंथ हाताशी आहे. बागप्रेमींच्या प्रत्येक गटाने या हिवाळ्यात निदान पाच देशी जातींचे बी जमवावे, आपसांत वाटून घ्यावे आणि पावसाळ्यापर्यंत रोपे तयार ठेवावीत. एकदा मूळ धरले की ही झाडे आपल्याकडे फारसे पाणी मागणार नाहीत, आणि भुंगे, फुलपाखरे, पळसमैना यांना मात्र भर शहरात अन्न मिळेल.