अपघातवार्तेची क्रियापदे

सावंतवाडी तालुक्यातील बांदा हे तेरेखोल नदीकाठचे गाव गोव्याच्या सरहद्दीला लागून असल्याने दाबोळीच्या नाविक विमानतळावरील अपघाताची वार्ता तेथे परकी राहत नाही. २४ मार्च २०१५ च्या रात्री दाबोळीहून प्रशिक्षणार्थ निघालेले नौदलाचे डॉर्निअर विमान गोव्याच्या नैर्ऋत्येस समुद्रात पडले. लेफ्टनंट अभिनव नागोरी आणि लेफ्टनंट किरण शेखावत यांचा त्यात अंत झाला. तिसऱ्या अधिकाऱ्यास मच्छीमारांनी वाचवले. हीच वार्ता बांद्याच्या बाजारात 'विमान पडलां' अशी, तर वृत्तपत्री मराठीत 'विमान कोसळले' अशी सांगितली जाते.

'कोसळणे' हे क्रियापद मराठीत दरड, भिंत आणि पाऊस यांच्याकडून आलेले आहे. आंबोली घाटात दरड कोसळते तेव्हा कोणी कर्ता शोधत नाही. विमानालाही हे क्रियापद लावताच दोषाचा प्रश्न आपोआप मागे पडतो. 'पडणे' याचे प्रयोजक रूप 'पाडणे'. पण 'विमान पाडले' म्हणताच शत्रू उभा राहतो. या दोहोंमध्ये मराठीला तिसरे क्रियापद नाही. म्हणून कारण क्रियापदाबाहेर ठेवावे लागते : 'तांत्रिक बिघाडामुळे', 'वैमानिकाच्या चुकीमुळे'. चौकशी पुरी होण्याआधी वापरलेला दुसरा शब्दप्रयोग अन्यायाचाच होय, कारण ज्याच्यावर दोष येतो तो उत्तर द्यायला उरलेला नसतो.

'अपघात' आणि 'घातपात' यांत 'घात' एकच. तरी पहिल्यात हेतू नाही, दुसऱ्यात तो गृहीतच आहे. (गुजरातीतील 'आपघात' म्हणजे आत्महत्या. तो 'आत्मघात' यापासून आलेला असल्याने साम्य केवळ दिसण्यापुरते.)

सर्वांत अवघड शब्द मात्र 'बेपत्ता'. फारसी 'बे' आणि देशी 'पत्ता' यांचा हा संकर. २६ नोव्हेंबर २०२० रोजी विक्रमादित्य युद्धनौकेवरून प्रशिक्षणासाठी उडालेले मिग-२९के अरबी समुद्रात पडले. शिकाऊ वैमानिक वाचला, प्रशिक्षक कमांडर निशांत सिंह सापडले नाहीत. ७ डिसेंबरला गोव्याच्या किनाऱ्यापासून सुमारे ३० मैलांवर मृतदेह मिळाला. मधल्या अकरा दिवसांत त्यांच्याविषयीचे प्रत्येक मराठी वाक्य वर्तमानकाळातच लिहिणे भाग होते : 'बेपत्ता आहेत'. 'होते' हे रूप लिहिण्याचा अधिकार तोवर कोणासही नव्हता.