देखभालीचे मोजमाप

देखभाल विभागाची कामगिरी कशी ठरते?

मोडल्यावर केलेले काम म्हणजे दुरुस्ती. ठरल्या तारखेला केलेले, प्रतिबंधात्मक देखभाल. कंपन, तापमान किंवा तेल तपासून केलेले, स्थितीनुसार देखभाल.

• दोन बिघाडांमधील सरासरी काळ: यंत्र किती भरवशाचे, ते सांगतो.

• दुरुस्तीचा सरासरी वेळ: माणसे, सुटे भाग आणि निर्णय किती लवकर मिळतात, ते यात दिसते.

• उपलब्धता: पहिला आकडा भागिले दोन्हींची बेरीज. पंप सरासरी ४९० तास चालला आणि दुरुस्तीला १० तास लागले, तर उपलब्धता ९८ टक्के. आकडा मोठा वाटतो. पण चोवीस तास चालवाव्या लागणाऱ्या पंपासाठी त्याचा अर्थ वर्षाला सुमारे १७५ तास बंद. ९९.९ टक्क्यांना हा बंद काळ पावणेनऊ तासांवर येतो.

• प्रलंबित कामे: हातातल्या मनुष्यबळाने ती किती आठवड्यांत संपतील, असे मोजणे अधिक उपयोगी.

या मोजमापात नेतृत्व कुठे येते? सुविधा व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ४१००१ हे २०१८चे. त्यात पाचवे कलम नेतृत्वाचे, नववे कामगिरीच्या मूल्यमापनाचे. जबाबदारी खालपर्यंतही जाते: जपानमध्ये १९७१च्या सुमारास आकाराला आलेल्या ‘टीपीएम’ (टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स) पद्धतीत सफाई, वंगण आणि रोजची पाहणी यंत्र चालवणाऱ्याकडेच असते.

महाराष्ट्रात इमारतींसाठीही अशी ठरलेली तपासणी आहे: गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण ५ वर्षांतून एकदा, त्याहून जुन्या इमारतीचे ३ वर्षांतून एकदा करायचे असते.