आधी गाळ, मग पंप
नाहूरहून पूर्वेला, द्रुतगती महामार्ग ओलांडून खाडीकडे गेले की भांडुप पंपिंग स्टेशन लागते. फ्लेमिंगो पाहायला येणाऱ्यांना हे नाव पाठ असते. तिथले पंप काय उपसतात, याची चौकशी सहसा कुणी करत नाही. मुंबईच्या सात नव्या मलजल प्रक्रिया प्रकल्पांचे भूमिपूजन १९ जानेवारी २०२३ रोजी झाले. त्यांत भांडुपच्या प्रकल्पाची क्षमता दिवसाला २१.५ कोटी लिटर आहे. पाणी शुद्ध झाले तरी त्यातून निघालेली घाण गाळ होऊन मागे उरते आणि ती या टाकीतून त्या टाकीत न्यावी लागते. त्यासाठीचा पंप केवळ 'तासाला किती घनमीटर' आणि 'किंमत किती' एवढ्यावर निवडला, तर फसगत होते. हवा मिसळणाऱ्या टाकीत परत पाठवायच्या गाळात घनपदार्थ जेमतेम एक टक्का असतात. तो पाण्यासारखाच वाहतो आणि तिथे साधा सेंट्रिफ्युगल पंप उत्तम. घट्ट केलेला चार-सहा टक्क्यांचा गाळ मात्र दह्यासारखा वागतो: स्वस्थ राहिला की बसतो, ढवळला की सैल होतो. रात्रभर बंद राहिलेली वाहिनी सकाळी सुरू करताना म्हणूनच जादा दाब लागतो, आणि दाब वाढला की सेंट्रिफ्युगल पंपाचा प्रवाह घटतो. रबरी नळीत पिळदार पोलादी दांडा फिरवून घोट-घोट पुढे ढकलणारा स्क्रू पंप अशा वेळी फारसा मागे हटत नाही.

गाळात पाणी ओतून तो पातळ का करू नये? चार टक्क्यांचा गाळ एक टक्क्यावर आणला, तर त्याचे आकारमान चौपट होते. घट्ट करायला केलेला सगळा खर्च वाया. स्क्रू पंपावरचा आक्षेप अधिक वजनदार आहे. कोरडा फिरला तर त्याचे रबर काही मिनिटांत जळते, वाळूने झिजते आणि सुटे भाग महाग पडतात. म्हणून वाळू आधीच काढायला हवी, वेग कमी ठेवायला हवा आणि गाळ संपताच पंप आपोआप थांबायला हवा. एवढी तजवीज जमणार नसेल, तर हा पंप घेऊच नये. जाळ्या बसवल्या की पंप तुंबत नाहीत, हा समज मात्र भाबडा आहे. केस आणि धागे जाळीतून निसटतात व पुढे टाकीत एकमेकांत गुंतून त्यांचे दोर वळले जातात. असा कचरा अपेक्षित असेल, तर पंपाच्या पोटात मोकळी वाट सोडणारे, मागे सरकवलेले पाते घ्यावे. त्यात वीज जास्त जाते, पण तुंबलेल्या पंपाची कार्यक्षमता शून्यच. शिवाय तो उघडायला माणूस लागतो आणि साचलेल्या गाळातून विषारी हायड्रोजन सल्फाइड सुटतो. दोन्ही बाजूंना झडपा, धुण्याची वाहिनी आणि दांडा बाहेर ओढण्याइतकी जागा यांची मागणी म्हणूनच निविदेत पंपाबरोबरच नोंदवलेली असावी.